लाकडी पिंपातली तूट

मुलीनं फोनवर सांगितलं की तिनं लग्न ठरवलं आहे आणि मुलगा नाशिककडचा आहे, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "करते काय तो?"

"आई, आधी पूर्ण ऐकून घे," ती म्हणाली. तेवढ्यानंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"एका मद्याच्या कंपनीत आहे," ती म्हणाली. "व्हिस्की चाखून सांगायचं असतं, कोणतं पिंप तयार झालं, कोणतं नाही."

"म्हंजे दारू पेते."

"पीत नाही आई. चाखतो आणि थुंकून टाकतो."

मी फोन ठेवला. थुंकून टाकतो! माझं आयुष्य वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात, वाशीम रस्त्यावरच्या आमच्या औषधी दुकानात गेलं. वडील वैद्य होते. त्यांच्यामागे दुकान आणि दुकानाच्या मागचा छोटा कारखाना मी चालवते. आमचा मुख्य माल म्हणजे आसवं आणि अरिष्टं. मनुका, गूळ, मध आणि धायटीची फुलं पाण्यात घालून महिनाभर तोंड बांधून ठेवायची, की आतल्या आत ते उकळल्यासारखं फसफसतं, शांत होतं आणि औषध तयार होतं. त्यात थोडी नशा आपोआप येते. ती थोडीच असते, पण ती आहे हे पिणाऱ्यांना बरोबर ठाऊक असतं.

त्यामुळं पिणारा माणूस कसा खोटं बोलतो हे मला दुकानाच्या फळीमागं उभं राहून शिकायला मिळालं. पोट दुखते म्हणणारा एकदम तीन बाटल्या द्राक्षासव मागतो. बायकोला अशक्तपणा आहे म्हणणारा बाटली दुकानासमोरच हलवून पाहतो. लॉकडाऊनमध्ये दारूची दुकानं बंद होती तेव्हा आमच्या फळीसमोर पोटदुखीवाल्यांची रांग लागली होती. मी एकालाही बाटली दिली नाही. चिठ्ठी दाखवा म्हटलं. दोघांनी चिठ्ठ्याही आणल्या, एकाच अक्षरातल्या.

अशी मी, आणि माझ्या घरात चाखणारा जावई येणार होता.

तो फाल्गुनातल्या एका शनिवारी मुलीबरोबर आला. गाडीतून उतरताच मी त्याच्या हातातली बॅग घ्यायच्या निमित्तानं अगदी जवळ गेले आणि श्वास ओढून घेतला. साबणाचा वास होता, तोही अगदी कमी. सेंट नाही, केसाला तेल नाही, तोंडात सुपारी नाही, वेलचीसुद्धा नाही. इतका बिनवासाचा माणूस मी पाहिलाच नव्हता. काहीतरी लपवायचं असल्याशिवाय माणूस इतका धुऊन येत नाही, असं मला वाटलं.

जेवताना त्यानं ठेचा घेतला नाही. "काकू, रागावू नका. तिखटानं जीभ दोन दिवस कामातून जाते, आणि मंगळवारी मला पिंपं बघायची आहेत." कच्चा कांदाही बाजूला ठेवला. माझ्या यजमानांना, म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षकांना, हे फार कौतुकाचं वाटलं. मला ते नाटक वाटलं.

जेवण झाल्यावर त्यानं कापडी पिशवीतून एक बाटली काढून यजमानांपुढं ठेवली.

"काका, ही तुमच्यासाठी. अमेरिकेतली व्हिस्की आहे, बर्बन म्हणतात. पंधरा वर्षं पिंपात होती. कंपनीतल्या आमच्या जुन्या साहेबांनी मला दिली, ती मी उघडली नव्हती. तुम्हाला माझं काम समजावं म्हणून आणली."

आमच्या घरात कधी दारूची बाटली आली नव्हती. यजमानांनी चष्मा लावून लेबल इकडून तिकडे वाचलं आणि अक्षर सुंदर आहे म्हणाले. मी बाटली त्यांच्या हातातून घेतली. उलटी केली, उजेडात धरली, मानेवरचं सील नखानं चाचपलं. आमच्या गल्लीतला भंगारवाला भारी दारूच्या रिकाम्या बाटल्या पोत्यात न टाकता वेगळ्या पेटीत, कागदात गुंडाळून ठेवतो. त्या बाटल्या पुढं कुठं जातात आणि काय भरून परत येतात, याचा अंदाज मला होता.

"असली हायेच कायवरून?" मी विचारलं.

"आई!" मुलगी म्हणाली.

तो हसला नाही, दुखावलाही नाही. "बरोबर आहे काकूंचं," तो म्हणाला. "उद्या उघडू आणि बघू. सकाळी अकराच्या सुमाराला, जेवणाआधी. तेव्हा जीभ ताजी असते."

अकराची वेळ माझीही होती. पिंपांतलं अरिष्ट मी नेहमी अकरा वाजताच चाखते, वडील चाखत म्हणून. त्याला ते मुलीनंच सांगितलं असणार, असं मी मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याचे हात पाहिले. पिणाऱ्याचे हात सकाळी खोटं बोलत नाहीत. मुद्दाम काठोकाठ भरलेला चहा बशीसकट त्याच्या हातात दिला. थेंब सांडला नाही. तो आंघोळीला गेला तेव्हा मी त्याच्या बॅगेशेजारची पाण्याची बाटली उघडून हुंगली. पाणीच होतं. मागं वळले तर मुलगी दारात उभी.

"आई, काय करून राह्यली तू?"

"झाकण सैल होतं," मी म्हटलं.

अकरा वाजता आम्ही चौघं कारखान्याच्या खोलीत बसलो. तिथंच बसायचं हे मी ठरवलं होतं. ती माझी जागा, तिथला उजेड माझ्या सवयीचा. उत्तरेच्या खिडकीखाली माझं लाकडी टेबल, त्यावर औषध मोजायचे औंसाचे ग्लास. पण त्यानं स्वतःचे दोन ग्लास टॉवेलात गुंडाळून आणले होते, खाली फुगीर आणि वर तोंडाशी निमुळते. थुंकण्यासाठी त्यानं माझ्याकडं एक स्टीलचं भांडं मागितलं. मी सगळ्यात लहान वाटी दिली. खरंच थुंकतो का ते बघायचं होतं, आणि किती, तेही.

त्यानं सील तोडलं. बुचाचा आवाज झाला आणि खोलीभर वास पसरला. खरं सांगते, मला तो वास वाईट वाटायला हवा होता. तसा तो वाटला नाही, म्हणून मी अधिकच सावध झाले.

त्यानं दोन्ही ग्लासांत बोटभर ओतलं. एक माझ्यापुढं सरकवला. यजमानांनी हात पुढं केला होता, तो तसाच राहिला.

"आधी काकू," तो म्हणाला. "यांचं नाक कामाचं आहे."

ही खुशामत आहे हे मला कळलं. तरी मी ग्लास घेतला आणि खिडकीशी नेला. रंग जुन्या तांब्याचा, तळाशी लालसर. ग्लास कलता करून सरळ केला, तशा काचेवरून सावकाश धारा उतरू लागल्या.

"रंग घातलेला हाय," मी म्हटलं. "जळक्या साखरेचा. आमच्या धंद्यात लोक तसंच करतात."

"बर्बनमध्ये रंग घालता येत नाही काकू. कायदा आहे. सगळा रंग लाकडाचा. नवं ओकचं पिंप आतून जाळतात, कोळसा होईपर्यंत, मग त्यात भरतात."

"कायदा तं मधालेही हाय."

यावर तो पहिल्यांदा हसला.

मी चाखायच्या आधी माझ्या परीक्षा घेतल्या. एक थेंब तळहातावर घेऊन दोन्ही हात चोळले आणि नाकाशी धरले. स्पिरिट उडून गेलं की मागं उरतं ते खरं असतं. फसव्या मालात काहीच उरत नाही, किंवा नुसता गोड सेंट उरतो. इथं वास थांबून राहिला. आधी चिक्कीचा पाक थोडा पुढं गेल्यावर येतो तसा, मग आइस्क्रीमसारखा, मग पाणी शिंपडलेल्या कोळशासारखा. मग मी चमचाभर घेऊन त्याला काडी लावली. निळी ज्योत आली आणि बराच वेळ राहिली. कुणी माझ्यासमोर मध गटारात ओतला तर मी बघेन, तसा तो त्या चमच्याकडं बघत होता.

"झालं समाधान?" मुलीनं विचारलं.

"नाई," मी म्हटलं आणि ओठांना लावलं.

जीभ चरचरली, पण अरिष्टाची सवय असल्यामुळं मी ते तोंडात धरून ठेवलं. आधी गोड. मग जिभेच्या कडांना तुरटपणा, बाभळीच्या सालीच्या काढ्यात असतो तसा. मग लवंग. आणि सगळ्यांच्या खाली काहीतरी ओळखीचं होतं, पण सापडत नव्हतं. मी वाटीत थुंकले. पुन्हा घोट घेतला. डोळे मिटले. आणि सापडलं.

"मका," मी म्हटलं. "भाजलेलं कणीस."

त्यानं यजमानांकडं पाहिलं, मग मुलीकडं. "मक्याचं मी काही सांगितलं नव्हतं ना?" तो तिला म्हणाला. "काकू, ही मक्याचीच असते. अर्ध्याहून जास्त मका असल्याशिवाय बर्बन म्हणताच येत नाही."

मला बरं वाटलं. पण मला बरं वाटावं म्हणूनच तो असं म्हणत नसेल कशावरून, असाही विचार लगेच आला.

मग त्यानं त्याचा ग्लास घेतला. चाखताना त्याचा चेहरा पालटला. बोलकेपणा गेला. कपाळाला आठी पडली. ग्लास नाकाखाली धरून तोंड किंचित उघडं ठेवलं, दोनदा दूर नेला, परत आणला. इवलासा घोट घेऊन तो बराच वेळ तोंडात फिरवला आणि वाटीत टाकला, जितका घेतला होता तितका. मी वाटीत वाकून पाहिलं. मग त्यानं ड्रॉपरनं तीन थेंब पाणी घातलं आणि पुन्हा तेच केलं. माझे वडील चाखताना असेच दिसत. माणूस आपल्यासमोर असतो, पण आपल्याकडं नसतो. पिणाऱ्याचं तोंड असं होत नाही. घोट घशाखाली उतरला की पिणारा सैल पडतो. हा आखडत चालला होता.

"चांगली आहे," तो शेवटी म्हणाला. "पण थोडी जास्त राहिली लाकडात. दोन वर्षं आधी काढायला हवी होती. शेवटाला कडवटपणा येतो, बघा."

स्वतः आणलेल्या भेटीचा दोष त्यानं स्वतःच काढला. हे मी लक्षात ठेवलं.

यजमानांना अखेर त्यांचा घोट मिळाला. ते म्हणाले, "बाप्पा! आग हाय ही तं," आणि पाणी प्यायला उठले. मुलगी हसत त्यांच्या मागं गेली.

मी मात्र सोडलं नव्हतं. "पंधरा वर्षं म्हणता. कोणी पाह्यले पंधरा वर्षं? लेबलवर कोणीबी लिहीन."

"पाहिले नाहीतच कुणी," तो म्हणाला. "पण एक खूण असते. पंधरा वर्षांनी पिंप उघडतात ना, तेव्हा ते भरलेलं नसतं. कधी अर्धं, कधी त्याहून कमी. भरलेलं निघालं, तर आम्हाला संशय येतो."

"काहून? कोण पेते?"

"कुणीच नाही. लाकडातून उडून जातं. लाकूड श्वास घेतं. आपल्याकडं ऊन जास्त, म्हणून आपल्याकडं आणखी लवकर."

"तोंड बंद असलं तरी? सील असलं तरी?"

"तरीही. तोंडातून नाही, अंगातून जातं."

मी विचारलं, "आन् स्टीलच्या टाकीत?"

"स्टीलमधून कुठं जाणार?"

मी ग्लास खाली ठेवला आणि चहा टाकते म्हणून उठले. स्वयंपाकघरात गेले, गॅस पेटवला आणि नुसतीच उभी राहिले. मला एक माणूस आठवला होता.

तो मानोरा तालुक्यातला, पोहरादेवीच्या बाजूच्या एका तांड्यावरचा. वडिलांच्या काळापासून आमच्याकडं होता. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. गूळ फोडणं, फुलं निवडणं, पिंपं बांधणं, सगळं त्याच्याकडं. पिंपाला कान लावून आतली फसफस थांबली की नाही हे तो माझ्याआधी सांगायचा. मी त्याला भाऊ म्हणायची, तो मला ताई.

आमच्याकडं सागवानी लाकडाचं एक मोठं पिंप होतं. त्यात वडील द्राक्षासव वर्षानुवर्षं मुरवत ठेवत. आसव जितकं जुनं तितकं गुणाचं, आणि जुन्याला गिऱ्हाईक मागून घेणारं. वडील गेल्यावर मी पिंपात काठी बुडवून पातळी मोजायला सुरुवात केली. वडिलांनी कधी मोजली नव्हती. पहिल्या उन्हाळ्यात पातळी चार बोटं खाली गेलेली दिसली. पिंपाखाली ओल नव्हती. खोलीची किल्ली दोघांकडंच, माझ्याकडं आणि भाऊकडं. दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. मग मी काय शोधायचं ते आधी ठरवलं आणि शोधायला लागले. त्याचे डोळे लाल दिसायचे. धायटीच्या फुलांची धूळ डोळ्यांत जाते हे मला माहीत होतं, तरी लाल दिसायचे. दुपारी तो पिंपाच्या सावलीत डुलकी घ्यायचा. अंगाला आसवाचा वास यायचा. तो तर माझ्याही अंगाला यायचा.

एका बाजाराच्या दिवशी, दुकानासमोर माणसं उभी असताना, मी त्याला विचारलं, "भाऊ, पिंपातलं कोण पेते?" आणि तो बोलायच्या आत म्हटलं, "उद्यापासून येऊ नोको." माणसं ऐकत होती. कुणीतरी हसलं. तो किल्ली फळीवर ठेवून निघून गेला.

पुढच्या उन्हाळ्यात पातळी पुन्हा उतरली. तेव्हा तरी मला उमगायला हवं होतं. पण मला वाटलं, यानं जाण्याआधी दुसरी किल्ली करून घेतली असणार. मी कुलूप बदललं. त्याच आठवड्यात सगळं आसव नव्या स्टीलच्या टाकीत भरलं आणि लाकडी पिंप मागच्या खोलीत टाकलं. टाकीतली पातळी केसभरही हलली नाही. मी यजमानांना म्हटलं होतं, "पाह्यलं? कुलूप बदलल्याबरोबर चोरी थांबली." दहा वर्षं मी तसं धरून चालले होते.

जावई आणि मुलगी सोमवारी गेले. मी त्याच्याबद्दल बरं-वाईट काहीच बोलले नाही. मुलगी नाराज होऊन गेली. मला आधी दुसरं काहीतरी पाहायचं होतं. परक्या माणसाच्या एका वाक्यावर विश्वास ठेवायला मी तयार नव्हते. लाकूड श्वास घेतं म्हणे! त्याच्या धंद्यातली पिंपं विदेशी लाकडाची. सागवान तसं करेलच कशावरून?

मागच्या खोलीतून पिंप काढलं. वाळून त्याच्या फळ्या आवळल्या होत्या. पाणी भरलं तर चारी अंगांनी गळायला लागलं. रोज पाणी भरत आठवडाभर भिजवलं, तेव्हा फळ्या फुगून गळती थांबली. मग त्यात तयार द्राक्षासव भरलं, काठीवर खूण केली, तोंडावर कापड-माती लावून पक्कं बंद केलं आणि ओल्या मातीत माझ्या अंगठ्याचे ठसे उमटवले. खाली कोरे कागद पसरले, थेंब पडला तर डाग दिसावा म्हणून. दाराला नवं कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. यजमानांनाही आत जाऊ दिलं नाही.

"माह्यावरही शक हाय काय?" त्यांनी विचारलं.

"हाव," मी म्हटलं.

चैत्र गेला, वैशाख गेला. त्या उन्हाळ्यात ऊन फार होतं. ज्येष्ठाच्या सुरुवातीला मी कुलूप उघडलं. माती सुकून भेगाळली होती, पण माझे ठसे जागच्या जागी होते. कागद कोरे होते. सील फोडलं, काठी बुडवली. दोन बोटं आणि वर थोडं कमी झालं होतं.

मी पिंपाला टेकून खाली बसले. रडू आलं नाही. पहिला विचार आला तो असा, की हे कुणाला कळायची गरज नाही. तो विचार मी चार दिवस बाळगला, हेही लिहायला हवं.

पाचव्या दिवशी मी यजमानांना सांगितलं आणि आम्ही दोघं मोटरसायकलवर त्याच्या गावी गेलो. पेरणीपूर्वीचे दिवस होते. वावरं नांगरून पडली होती. घर विचारायला कुणाला थांबवलं की मी त्याच्या तोंडाकडं बघत होते, यालाही माहीत असेल का, की मीच ती.

तो घराच्या पडवीत दोरी वळत बसला होता. केस पांढरे झाले होते, उजवा गुडघा सुजलेला. मला पाहून उठला नाही. त्याची बायको आतून आली, तिनं मला ओळखलं आणि पाणी न विचारता दाराला टेकून उभी राहिली.

"बसा," तो म्हणाला.

आम्ही जमिनीवर बसलो. मी वाटेत जे जे ठरवलं होतं त्यातलं काही आठवेना. शेवटी सरळच सांगितलं. पिंप भरलं होतं, सील केलं होतं, किल्ली माझ्यापाशी होती, तरी दोन बोटं उतरलं. "भाऊ, तुमी पेले नव्हते. मीच चुकली."

तो दोरी वळत राहिला. मग विचारलं, "आता कसं समजलं?"

मी होणाऱ्या जावयाबद्दल सांगितलं. व्हिस्की चाखतो, त्यानं पिंपातली गोष्ट सांगितली.

त्याचा हात थांबला. "म्या तुमाले सांगतलं होतं, ताई. मले काढून टाकलं त्याच्या आदल्या सालीच. म्हटलं होतं, लाकूड पेऊन राह्यलं, उन्हाळ्यात पोतं ओलं करून टाकत जा त्याच्यावर. तुमचे बाबा टाकायले लावत. तुमी म्हणे, मले शिकवू नोको."

मला ते आठवत नव्हतं. पण त्यानं सांगितल्यावर, मी तसं म्हटलं असणार याबद्दल मला शंका उरली नाही. तो माझा आवाज होता.

"त्या पोरानं सांगतलं म्हून पटलं," तो म्हणाला. "तो दारूच्या कंपनीतला, तरी पटलं. म्या जलमभर थेंब नाई पेलो."

त्याची बायको तेव्हा बोलली. "पेता म्हून मालेगावात कोणी कामावर नाई घेतलं यायले. सहा साल ऊस तोडाले गेलो दोघं. गुडघा तिथीच गेला. सोयरिकीत लोक इचारत, बाप पेते काय तुमचा? अन् आता आल्या तुमी."

 यजमानांनी मान खाली घातली. मी म्हटलं, "परत या कामावर. बसून काम करा. नुसतं पाहा."

"नोको," तो म्हणाला. त्यानं वळलेली दोरी गुंडाळून बाजूला ठेवली. "जिथी म्हटलं होतं, तिथी म्हणा. बाजाराच्या दिवशी. तेवढंच करा."

मला वाटलं होतं त्यापेक्षा ते अवघड होतं, आणि मी हो म्हणाले.

पुढच्या बाजाराला तो एसटीनं आला. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी. बायकोही बरोबर होती. दुकानासमोर गर्दी होतीच. बियाणं घ्यायला लोक खेड्यांतून आले होते. मी फळीमागून बाहेर रस्त्यावर आले.  मी मोठ्यानं सांगितलं, की हे भाऊ आमच्याकडं कामाला होते, अकरा वर्षांपूर्वी मी यांच्यावर आसव चोरून पिण्याचा आळ घेतला, तो खोटा होता. यांनी काही घेतलं नव्हतं. लाकडी पिंपातून ते उडून जात होतं, मला ते समजत नव्हतं.

लोक थांबून बघायला लागले. बहुतेकांना काही आठवत नव्हतं. एक जण म्हणाला, "कोणाची गोष्ट हाय हे?" दुसऱ्यानं विचारलं, आसव उडते तं पैशे देऊन घ्यायचं कायले? दोघं-चौघं हसले. समोरच्या हॉटेलवाल्याला मात्र आठवत होतं. तो गल्ल्यावरून उठला, त्यानं भाऊचा हात धरून त्याला बाकावर बसवलं आणि चहा सांगितला. भाऊनं चहा घेतला. बायकोनं घेतला नाही.

दुपारच्या गाडीनं ते परत गेले. मी स्टँडपर्यंत सोडायला गेले. गाडीत चढताना त्याला दांड्याला धरून गुडघा वर ओढावा लागला. मी मागून आधार द्यायला हात पुढं केला, तेव्हा त्याच्या बायकोनं माझा हात बाजूला केला आणि स्वतः आधार दिला.

खिडकीतून तो म्हणाला, "पोतं ओलं करून टाका पिंपावर. आत्ता टाका, आभाळ यायच्या आधी."

घरी येताना, गल्लीच्या तोंडाशी, एक विचार माझ्या मनात येऊन गेला. एखाद्या वेळी, वर्षातून एकदा, चव पाहताना तरी, त्यानं घोट घेतलाच नसेल का? तो विचार आला तसा मी थांबले. दुकानासमोर माणसं उभी होती, हॉटेलवाल्यानं रिकामे कप अजून उचलले नव्हते. मी कारखान्यात गेले, एक जुनं पोतं हौदात बुडवलं आणि पिळून पिंपावर टाकलं. मग मुलीला फोन लावला आणि लग्नाची तारीख काढायला सांगितली.